गरम पाण्याचा रविवार

प्रिय मधू,

आज सकाळी चहा पिताना तू मला विचारलंस, की आपण तुझ्या आईंकडे अजून किती दिवस राहायचं. मी म्हटलं, थोडे दिवस. तू म्हणालीस, "मुलुंडचं घर बंद ठेवून इथे जोगेश्वरीला येऊन बसणं बरं दिसत नाही. कुंड्यांना पाणी कोण घालतंय?" मी म्हटलं, समोरच्या नंदाताई घालतात. तुझं समाधान झालं आणि तू खारी चहात बुडवलीस. मधू, आपलं मुलुंडचं घर आता नाही. गव्हाणपाड्यातली आपली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. तिच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे आणि आत मोठा खड्डा. परवा मी कामावरून येताना मुद्दाम त्या बाजूला गेलो होतो. तुझ्या कुंड्यांपैकी फक्त गवती चहाची कुंडी शाबूत आहे, ती वॉचमनने त्याच्या केबिनपाशी ठेवलीय. हे सगळं मी तुला पुष्कळदा सांगितलंय. दर वेळी तू ते पहिल्यांदा ऐकतेस आणि दर वेळी तुला घराचं वाईट वाटतं, म्हणून हल्ली मी कुंड्यांपाशीच थांबतो.

तुला जुनं सगळं आठवतं. ह्या खोलीत तू कॉलेजचा अभ्यास करायचीस ते आठवतं, माझ्या आईने लग्नात तुझ्या नावाचा उच्चार "मदुवंती" असा केला होता ते आठवतं, आपली माणिक दुसरीत असताना तिचा पुढचा दात पडला तेही. त्याच्या पुढचं मात्र पुसलं गेलंय. आणि नवं काही टिकत नाही. सकाळी बोललेलं दुपारपर्यंत जातं. डॉक्टर म्हणतात, येईलही परत, कदाचित नाहीच येणार, मेंदूचं सांगता येत नाही. ओळखीच्या घरात ठेवा म्हणाले, म्हणून तुला इथे आणलं. आईंनी तुझा पलंग खिडकीपाशी होता तसाच लावलाय.

अंघोळीचं पाणी आपण इथे पातेल्यात तापवतो. मी ते चिमट्याने उचलून बादलीत ओततो, तू दाराशी उभी राहून बघतेस आणि रोज मला टोमणा मारतेस. "अरे, कुठल्या जमान्यात राहतोस तू? एक गिझर घेता येत नाही तुला?" आई तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजवायला लागतात. मी म्हणतो, घेऊ. तू बाथरूममध्ये गेलीस की मी बाहेर स्टूल टाकून बसतो. कडी लावायची नाही असं आपलं ठरलंय, पण तुला ते आठवत नाही, म्हणून मी ती कडी काढूनच टाकलीय. लाकडावर तिची भोकं राहिलीत. तू त्यांच्यावरून बोट फिरवतेस आणि विचारतेस, ही कडी कुठे गेली.

मधू, आपण त्या भाड्याच्या घरात गेलो ते तुला मुळीच आठवत नाही ना? इमारत पाडायला घेणार म्हणून सगळ्यांनी जवळपास जागा बघितल्या. माणिकची शाळा तिथेच, त्यामुळे मुलुंड सोडायचं नव्हतं. नंदाताईंना एका जुन्या सोसायटीत जागा मिळाली आणि त्यांच्याच समोरचा ब्लॉक रिकामा होता, तो आपण घेतला. तू खूश होतीस. शेजार तोच राहिला म्हणालीस. हॉल मोठा होता, उजेड होता. बाथरूम तेवढं अगदी लहान. खिडकीच्या काचपट्ट्यांतून कबुतरं आत यायची म्हणून घरमालकाने, राजेशभाईंनी, तिच्यावर बाहेरून प्लॅस्टिकचा पत्रा ठोकलेला होता. एक्झॉस्ट फॅनचं भोक होतं, त्यात फॅन नव्हता. आधीच्या भाडेकरूंनी मच्छर येतात म्हणून त्यात पुठ्ठा कोंबला होता. आपण तो पाहिला आणि बरंच झालं म्हटलं. माणिकला त्या वर्षी डेंग्यू होऊन गेला होता. मच्छराला आपण फार घाबरायचो.

आधी तिथे विजेचा गिझर होता. तो लावला की फ्यूज उडायचा, इमारतीचं वायरिंग जुनं. राजेशभाई म्हणाले, गॅसचा लावून घ्या, झटपट पाणी, बिलही कमी. दुकानातून सुयोग नावाचा फिटर आला. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला. जुन्या गिझरचे खिळे भिंतीत होते तिथेच त्याने नवा टांगला, नळी जोडली, सिलिंडर बाहेर ठेवला, पाणी चालू करून दाखवलं. तू त्याला विचारलंस, "हा आतच लावायचा असतो का?" तो म्हणाला, "सगळे आतच लावतात, ताई." त्याने खोटं सांगितलं नाही. सगळे आतच लावतात. मी तेव्हा माणिकला घेऊन बघत उभा होतो. तिने नळाखाली हात धरला आणि म्हणाली, "बाबा, झकास." मला आठवतं, मी त्या गिझरची निळी ज्योत वाकून बघितली होती. सुंदर दिसत होती.

आता मला त्या ज्योतीबद्दल सगळं माहीत आहे. ती खोलीतली हवा खाते. खोली उघडी असेल तर बिघडत नाही, बंद असेल तर थोड्याच वेळात हवा अपुरी पडते, आणि मग ती ज्योत जे सोडते त्याला वास नसतो, रंग नसतो. कार्बन मोनॉक्साइड. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, पाय हलत नाहीत. फायर ब्रिगेडच्या साहेबांनी मला सांगितलं की गिझर बाथरूमच्या बाहेर हवा, मोकळ्या बाल्कनीत नाहीतर खिडकीपाशी, त्याचा धूर पाइपने थेट बाहेर सोडलेला हवा, आत फक्त गरम पाणी यायला हवं. एवढंच. एक भोक पाडायचं आणि एक नळी लांब घ्यायची. ते मला हे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सांगत होते आणि मी मान हलवत होतो, जणू उद्या घरी जाऊन ते करायचंच होतं.

तो जानेवारीचा रविवार होता. त्या आठवड्यात थंडी पडली होती, मुंबईत पडते तेवढी. माणिकच्या वर्गात उवांची साथ आली होती. शाळेतून निरोप आला होता, सगळ्या मुलींचे केस धुऊन पाठवा. तिचे केस केवढे होते, मधू. कापूया म्हटलं तर ती रडली होती, गॅदरिंगच्या नाचात वेणी हवी म्हणून. तू म्हणालीस, कापायचे नाहीत, मी आज बसून काढते. औषध लावलंस, डोक्याला फडकं बांधलंस, आणि ते फडकं बांधून ती हॉलभर नाचत होती. मला सोसायटीच्या मीटिंगला जायचं होतं. नव्या घराचा नकाशा दाखवणार होते. निघताना तू आतून ओरडून सांगितलंस, "बाथरूम मोठं मागून घे, ह्या खुराड्याने वाट लागलीय." मी हो म्हटलं. मीटिंगमध्ये मी खरंच ते बोललो. उभा राहून बोललो की बाथरूमला दोन फूट वाढवून द्या. बिल्डरचा माणूस हसला आणि लिहून घेतो म्हणाला.

तेवढ्यात नंदाताईंचा फोन आला. त्या तुझा डबा परत द्यायला आल्या होत्या. बेल वाजवून थकल्या होत्या. त्या घाबरल्या की मालवणीवर येतात. "हर्षद, तू आधी घरी ये. आतसून पाण्याचो आवाज येता, पण दार कोण उघडणा नाय." मी धावत आलो. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर फणी आणि कंगवा. केस विंचरायची सगळी तयारी. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता आणि दाराखालून पाणी बाहेर आलं होतं, ते कोमट होतं. मी हाका मारल्या. मग दाराला खांदा लावला.

तू दाराशीच पडली होतीस, तोंड उंबऱ्याकडे. माणिक आत, अंगात फ्रॉक तसाच, छोट्या स्टुलावरून घसरून भिंतीला टेकलेली, गिझरच्या खाली. तिच्या केसांत फेस होता. मी आधी तिला उचललं. हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही, मी तुला ओलांडून गेलो आणि आधी तिला उचललं. नंदाताईंनी तुला ओढून बाहेर काढलं, त्यांच्या वयाला ते कसं जमलं त्यांनाच माहीत. खालच्या मजल्यावरच्या माणसांनी गाडी काढली. गाडीत तू खोकलीस. माणिक खोकली नाही. मी तिचे केस टॉवेलने पुसत राहिलो, सर्दी होईल म्हणून.

फायर ब्रिगेडचे साहेब म्हणाले, तुमच्या मिसेस वाचल्या कारण दाराच्या खालच्या फटीतून हवा येत होती. ती फट मी बुजवणार होतो. झुरळं येतात म्हणून तू दोनदा सांगितलं होतंस आणि मी आळस केला होता. त्या आळसामुळे तू वाचलीस, असं मी स्वतःला सांगून बघतो. त्याने काही होत नाही.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा पहिला प्रश्न माणिकचाच विचारलास. डॉक्टर म्हणाले होते, खरं सांगा, लपवू नका, नाहीतर पुढे विश्वास उडतो. मी सांगितलं. तू जे केलंस ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस, "माणिकला आणलं नाहीस? हॉस्पिटलमध्ये लहान मुलांना सोडत नसतील." मी बाहेर गेलो, तोंड धुऊन परत आलो आणि पुन्हा सांगितलं. मग रिक्षात सांगितलं. इथे आल्यावर ह्या पलंगावर सांगितलं. गणपतीत सांगितलं, कारण तू तिच्यासाठी परकर-पोलका शोधत होतीस. प्रत्येक वेळी तू आधी माझी चेष्टा समजतेस. मग माझा चेहरा बघतेस. मग विचारतेस, "मी कुठे होते?" मधू, हा प्रश्न तू एकदाही चुकवला नाहीस. मी सांगतो, तू तिच्याबरोबर होतीस. त्यावर तू स्वतःचे हात बघतेस, आणि म्हणतेस, "म्हणजे मी आहे आणि ती नाही." माणसाला हे आयुष्यात एकदा ऐकावं लागलं तरी पुरे. तुला मी ते किती वेळा ऐकवलं.

आईंचं आणि माझं ह्यावरून दिवाळीत वाजलं. त्या मला कधी उलट बोलत नाहीत, जावई म्हणून अजून "तुम्ही" म्हणतात. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून मला गॅलरीत नेलं. म्हणाल्या, "हर्षद, तुम्ही तिला खरं सांगताय ते कुणासाठी? तिला तर ते राहतच नाही. तुम्हाला एकट्याने ते धरवत नाही म्हणून सांगताय." मी चिडलो. म्हणालो, "आई, ती तिची मुलगी आहे. तिला रडायचा हक्क आहे." त्या म्हणाल्या, "रडू दे की. पण रोज पहिल्या दिवसाचं रडणं? माझ्या लेकीचा रोज पहिला दिवस करताय तुम्ही." मग त्या आत गेल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या माणिकच्या फोटोचा हार काढला. फोटो राहू दिला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

डिसेंबर लागला, सकाळी गार व्हायला लागलं, तसा मला त्या जुन्या सोसायटीत जाऊन यायचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी जायचो आणि बेल वाजवायचो. लोक मला ओळखतात, आत बोलावतात, पाणी देतात. मी विचारतो, तुमचा गिझर कुठे आहे. पुष्कळांचा अजून आतच आहे. मी सांगतो, बाहेर घ्या, निदान तोवर बादली भरून बंद करा आणि मग आत जा, खिडकी बुजवू नका, डोकं जड झालं तर आधी दार उघडा. ते ऐकतात. बायका डोळे पुसतात. एका घरातले गृहस्थ म्हणाले, "तुमचं दुःख समजतं हो, पण भाड्याच्या घरात भिंत कशी फोडणार?" आपला ब्लॉकही भाड्याने गेलाय. नव्या बाईंनी मला दाखवलं, राजेशभाईंनी रंग दिलाय, खिडकीवरचा पत्राही काढलाय. कबुतरं परत आलीत. त्या बाई म्हणाल्या, पत्रा पुन्हा लावायला सांगितलाय. मी त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. पूर्ण बंद होईपर्यंत त्या सॉरी म्हणत होत्या. त्यानंतर मी गेलो नाही. मला वाटलं होतं, एक तरी घर ऐकेल आणि मला थोडं बरं वाटेल. नंदाताईंनी त्यांचा गिझर काढून टाकला, पण त्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

आज दुपारी जेवण झाल्यावर तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालीस, "माणिक अजून आली नाही शाळेतून." आई ताटं उचलत होत्या, त्या थांबल्या. मी तुझ्यासमोर बसलो, नेहमी बसतो तसा. तुझे हात हातात घेतले. तू म्हणालीस, "काय रे, असा काय बघतोस?" आणि मला जमलं नाही. मी म्हटलं, "अगं, ती सहलीला गेलीय. उशीर होईल." तू म्हणालीस, "स्वेटर दिलास ना?" मी म्हटलं, दिला. "आणि डबा?" दिला. तू म्हणालीस, "तिला गाडी लागते, पुढच्या सीटवर बसव म्हणून बाईंना सांगायचं ना." मी म्हटलं, सांगितलंय. तू उशी नीट केलीस आणि झोपलीस. मधू, तेवढा वेळ ती होती. बसमध्ये पुढच्या सीटवर, स्वेटर घालून. मलाही ती दिसली. आणि तू झोपल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल धरला, कारण ह्यापुढे मला रोज तिला कुठेतरी पाठवावं लागणार आहे, आणि रोज ती येणार नाही, आणि हे फक्त मला आणि आईंना माहीत असणार आहे.

म्हणून हे लिहितोय. माझ्या तोंडून तू ती बातमी आता पुन्हा ऐकणार नाहीस. पण डॉक्टर म्हणाले तसं कधी सगळं एकदम परत आलं, तर तेव्हा मी असेन नसेन, माझी जीभ चालेल न चालेल. तेव्हा तुला वाटेल की मुलीला आत सोडून तू दाराकडे पळालीस. त्या "मी कुठे होते"च्या मागे तुझा तोच प्रश्न असतो, मला कळतो, आणि समोरासमोर मला तो कधी बोलता आला नाही. मी सांगतो काय झालं ते. दार मी तोडलेलं नाही. कडी तू आतून जवळजवळ पूर्ण मागे सरकवली होतीस, नखाएवढीच अडकली होती, मी खांदा लावताच ती सुटली. नंतर माणसं आली, धावपळ झाली, पोलीस आले तेव्हा दार सताड उघडं होतं, त्यामुळे हे माझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही. आणि तुझ्या डाव्या मुठीत माणिकच्या फ्रॉकचा पट्टा होता, शिवणीपासून उसवलेला. तू तिला ओढत आणत होतीस, मधू. तुझ्या अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं त्या पट्ट्यात आणि त्या कडीत गेलं. तू तिला सोडलं नव्हतंस.

तुझाच,
हर्षद